चर्च कशाला? पुतण्याला आणि आंबेडकरी मित्रांना एकच उत्तर

गेल्या नाताळच्या आठवड्यात पुण्याहून आमचा पुतण्या गावी आला होता. संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे, हुशार आहे, निर्व्यसनी आहे, रोज सकाळी पवित्र शास्त्र वाचतो. रविवारी आम्ही त्याला म्हणालो, "चल, उपासनेला जाऊ." तो म्हणाला, "काका, तुम्ही जा. मी मोबाईलवर संदेश ऐकतो. विश्वास हा माझा आणि प्रभूचा प्रश्न आहे. मध्ये चर्च कशाला?"

हाच प्रश्न दुसऱ्या बाजूने आम्हाला गेली तीस वर्षे विचारला जातो. विचारणारे आमचे आंबेडकरी चळवळीतले मित्र आहेत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आम्ही त्यांच्याबरोबर असतो, मोर्चात असतो, गावात अत्याचार झाला की पोलीस ठाण्यासमोर त्यांच्याच शेजारी बसतो. आणि तेच मित्र चहा पिताना विचारतात, "तुम्ही बाबासाहेबांचे नाव घेता, मग रविवारी चर्चमध्ये कशाला जाता?"

पुतण्याला त्या दिवशी आम्ही उत्तर दिले नाही. मित्रांनाही आजवर हसून टाळले. पण टाळणे हे उत्तर नसते. म्हणून आज दोघांनाही एकदमच सांगतो. हे सांगताना आमची एक लाजिरवाणी गोष्टही सांगावी लागणार आहे. ती शेवटी सांगू.

आम्ही नगर जिल्ह्यातले. आता सरकारी कागदावर जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडी अजून नगरच. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत १८१३ साली आले आणि १८३१ साली त्यांनी नगरला ठाणे केले. 'ज्ञानोदय' १८४२ साली याच नगरात सुरू झाला. नगरला मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हेही सर्वांना माहीत आहे. हा इतिहास पुस्तकात सापडतो. आमच्या घरचा इतिहास पुस्तकात नाही. तो आजीने सांगितला म्हणून आम्हाला माहीत आहे.

आमचे पणजोबा गावचे वेसकर. हातात घुंगराची काठी, पाठीवर पाटलाचा निरोप आणि संध्याकाळी घरोघर भाकरी मागायची. मेलेले ढोर ओढायचे, चावडीबाहेर उन्हात बसायचे. मिशनचा मास्तर महारवाड्याजवळ लिंबाखाली शाळा भरवू लागला तेव्हा पणजोबांनी आपल्या मुलाला तिथे बसवले. पुढे दुष्काळ पडला, मिशनने धान्य दिले, आणि घराने बाप्तिस्मा घेतला.

इथे काही सवर्ण विद्वान लगेच म्हणतात, "म्हणजे भाकरीसाठी बाटले!" आम्ही विचारतो, बरे, भाकरीसाठीच गेले असे धरू. ज्या गावाची वेस त्यांनी पिढ्यानपिढ्या राखली, त्या गावाने दुष्काळात त्यांच्यासाठी कोणते पेव उघडले होते? उपाशी माणूस भाकरी देणाऱ्याकडे गेला, यात लाज कुणाला वाटायला हवी? जाणाऱ्याला, की ज्याच्या दारातून तो रिकाम्या हाती परतला त्याला?

पण आजी सांगायची ती गोष्ट भाकरीची नव्हती, सतरंजीची होती. मिशनच्या खोलीत एक मोठी सतरंजी अंथरलेली असे. पहिल्या दिवशी पणजोबा सवयीने दाराबाहेर बसले. मास्तर म्हणाला, "आत या." ते उंबऱ्यापर्यंत आले. मास्तर पुन्हा म्हणाला, "सतरंजीवर बसा." आजीच्या सांगण्याप्रमाणे पणजोबा त्या दिवशी सतरंजीच्या कडेवर बसले आणि मधोमध बसायला त्यांना पुढचे वर्ष लागले. आमच्या घराची आध्यात्मिक वाढ कुणाला मोजायची असेल तर ती याच मापाने मोजावी. उंबऱ्यापासून सतरंजीच्या मध्यापर्यंत.

पुतण्या म्हणतो विश्वास माझा आणि प्रभूचा. मान्य आहे. पण पणजोबांना देवापुढे सर्व माणसे समान आहेत हे कुणी नुसते कानात सांगितले असते तर त्यांनी मान डोलावली असती आणि पुन्हा बाहेर जाऊन बसले असते. समान असणे म्हणजे काय हे त्यांना इतर माणसांच्या शेजारी बसल्यावर कळले. हे एकट्याने शिकता येत नाही. माणूस एकटा असला की तो कुणाच्या वरही नसतो आणि खालीही नसतो. मग समतेची परीक्षा तिथे होणार कशी?

मराठीत आपण चर्चला 'मंडळी' म्हणतो. हा शब्द आम्हाला फार मोलाचा वाटतो. घरातल्या माणसांना मंडळी म्हणतात, पंगतीला बसलेल्यांना मंडळी म्हणतात. इमारत म्हणजे मंडळी नव्हे. आमच्या गावच्या मंडळीला कितीतरी वर्षे पक्के छप्परसुद्धा नव्हते.

या मंडळीने आमच्या घराला काय दिले ते मोजून सांगतो.

पहिले, अक्षर दिले. आमची आजी पन्नाशीत वाचायला शिकली. तिला वर्तमानपत्र वाचायचे नव्हते. स्त्री मंडळाच्या सभेत प्रत्येकीने आळीपाळीने एक वचन वाचायचे असे ठरले होते आणि तिची पाळी आली की शेजारीण वाचायची. ती शेजारणीला कंटाळली नाही, स्वतःला कंटाळली. नातवंडांच्या पाटीवर बसली आणि शिकली. घरी एकटी प्रार्थना करत राहिली असती तर तिला वाचायची गरजच पडली नसती.

दुसरे, बोलायला शिकवले. आम्ही नऊ वर्षांचे असताना शब्बाथ शाळेच्या वार्षिक समारंभात पाठांतर म्हणायला उभे राहिलो. पाय थरथरत होते. मधेच विसरलो तर मागच्या रांगेतून एका आजोबांनी हळूच पुढचा शब्द दिला. पुढे आयुष्यात तहसील कचेरीसमोर, सभांतून, शाळेच्या व्यवस्थापनासमोर आम्ही बोललो त्याचे मूळ त्या दिवसात आहे. आपण चुकलो तर मागून शब्द देणारे कुणीतरी आहे, एवढी खात्री माणसाला बोलके करते.

तिसरे, गाणे दिले. टाळ, मृदंग, पेटी घेऊन आमची मंडळी भजने म्हणते. 'उपासना संगीत' हे पुस्तक फाटून त्याचे दोरे निघाले तरी ज्यांना ते पाठ आहे त्यांना उघडावे लागत नाही. नारायण वामन टिळकांसारख्या कवींनी ख्रिस्ताला मराठी अभंगात आणले म्हणून आमच्या आजीला प्रभू परका वाटला नाही. ज्या टाळमृदंगाच्या गजरात देवळाच्या पायरीपुढे आम्हाला जाता येत नव्हते, तोच टाळ आमच्या हातात आला.

चौथे फार कमी लोकांच्या लक्षात येते. मंडळीने आम्हाला मत दिले. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांचा कारभार काँग्रिगेशनल पद्धतीचा होता. म्हणजे मंडळीचे निर्णय सभासदांच्या सभेत व्हायचे. आमचे आजोबा या सभेत पंच निवडायला हात वर करत. त्या काळात कायदेमंडळाच्या मतदानाला मालमत्तेची किंवा शिक्षणाची अट होती, आणि सर्व प्रौढांना मत मिळाले ते बाबासाहेबांच्या संविधानामुळे, १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत. म्हणजे देशाने आजोबांना मत विचारण्याच्या कितीतरी आधी एका साध्या खोलीत त्यांचे मत विचारले गेले होते. ख्रिस्ती म्हणून आमची ओळख घडली ती अशी. गळ्यातल्या क्रुसाने घडली नाही, वर गेलेल्या हाताने घडली.

आता आंबेडकरी मित्र म्हणतील, एवढे सगळे छान होते तर बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्म का घेतला नाही?

हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. त्यानंतर अनेक धर्मांचे लोक त्यांच्याकडे गेले, त्यात ख्रिस्तीही होते. जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरला ख्रिस्ती समाजापुढे ते बोलले. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दलचा आदर त्यांनी तिथे व्यक्त केला, पण त्याच वेळी दक्षिणेतल्या चर्चमध्ये जातिभेद पाळला जातो हेही ख्रिस्ती लोकांच्या तोंडावर सांगितले. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी जे लिहून ठेवले, ते त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांच्या पाचव्या खंडात छापले आहे. त्यातला मुद्दा अगदी सरळ आहे. माणसाने देव बदलला, पण चर्चच्या आत त्याची जात त्याच्याबरोबर आली. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, पण धर्मांतरितांमधली जात मोडण्यासाठी जेवढे झगडायला हवे होते तेवढे ते झगडले नाहीत. आणि धर्मांतरित माणूसही अन्यायाविरुद्ध उठण्याऐवजी आपल्या दुःखाचे कारण आपल्याच पापात शोधू लागला.

हे खोटे आहे का? नाही. आम्ही मंडळीत वाढलो म्हणूनच सांगतो की हे खरे आहे. आणि ही टीका बाबासाहेबांनी केली म्हणून काही ख्रिस्ती पुढाऱ्यांना ती बाहेरची वाटते. त्यांनी पवित्र शास्त्र उघडून करिंथकरांस पहिले पत्र वाचावे, अकरावा अध्याय. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनासाठी लोक जमत, पण ज्यांच्याकडे होते ते आधी खाऊनपिऊन घेत आणि गरीब मागे उपाशी राहत. पौलाने त्यांना काय सांगितले? तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे, असे सांगितले. मंडळीत भेदभाव होत असेल तर तिथली उपासना रद्दबातल ठरते, हे पौलाचे म्हणणे आहे. बाबासाहेब दुसरे काय म्हणत होते?

पण मित्रहो, बाबासाहेबांनी चर्चवर टीका केली एवढेच तुम्हाला आठवते. त्यांनी चर्चकडून काय घेतले हे विसरू नका. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात ते म्हणतात की भिक्खूला संघाची दीक्षा होती, पण सामान्य उपासकासाठी धम्मदीक्षेचा वेगळा विधी नव्हता, आणि ही मोठी उणीव होती. भारतातून बौद्ध धम्म नाहीसा होण्याच्या कारणांत त्यांनी ती धरली. म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी लाखो उपासकांना उघड दीक्षा दिली. त्याआधी १९५४ साली ब्रह्मदेशातल्या बुद्ध शासन परिषदेला दिलेल्या टिपणात त्यांनी बाप्तिस्म्यासारखा विधी, गृहस्थ प्रचारक आणि सर्वांना वाचता येईल असा एक धर्मग्रंथ यांची गरज मांडली. दर रविवारी विहारात जमा, हे त्यांचे सांगणे तर तुम्हीच आम्हाला ऐकवता.

याचा अर्थ काय? चर्चमधली जात बाबासाहेबांना दिसली आणि चर्चमधला रविवारही दिसला. जात त्यांनी नाकारली, रविवार उचलला. लोक ठरावीक दिवशी, ठरावीक जागी एकत्र बसले नाहीत तर धर्म पुस्तकात राहतो आणि माणसे पुन्हा जुन्या जातीत परततात, हे त्यांनी ओळखले होते. आज किती विहारांना बुद्धपौर्णिमा आणि ६ डिसेंबर सोडून कुलूप असते, हे तुम्हीच सांगा. म्हणजे 'मध्ये चर्च कशाला' आणि 'रोज विहार कशाला' हे दोन प्रश्न वेगळे नाहीत.

आता कागदाविषयी. कारण आमच्यासारख्यांची ओळख मंडळीत एक आणि कचेरीत दुसरी अशी फाडली गेली आहे.

१० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने ठरवले की हिंदू नसलेला माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. बौद्धांना केंद्रात हा हक्क मिळायला १९९० साल उजाडले. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. २००७ साली रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढा असे सांगितले. २०२२ साली माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. आयोगावर आयोग येतात. आमचे म्हणणे एवढेच, की गावाने आम्हाला बाप्तिस्म्यानंतर पाटलाच्या विहिरीवर पाणी भरू दिले का? नाही. मग गावाला जी जात बाप्तिस्म्याने पुसता आली नाही ती सरकारला कशी पुसता आली?

आमचे थोरले बंधू, म्हणजे या पुतण्याचे वडील, शाळेत गेले तेव्हा हेडमास्तर वडिलांना म्हणाले, "हिंदू महार लिहू का? शिष्यवृत्ती मिळेल." वडील म्हणाले, "जे आहे ते लिहा." दोघा भावांच्या दाखल्यावर ख्रिस्ती लिहिले गेले. शिष्यवृत्ती मिळाली नाही. दादांनी दहावीनंतर शिक्षण सोडले आणि गॅरेजमध्ये कामाला लागले, म्हणून आम्हाला पुढे शिकता आले. आमचे चुलते १९५६ नंतर बौद्ध झाले होते. दोन्ही घरांत बाबासाहेबांचा एकच फोटो, गावातल्या शिव्या एकच, कागद मात्र वेगळे.

ज्यांनी दाखल्यावर दुसरे लिहून घेतले त्यांना आम्ही दोष देत नाही. पोराच्या फीचे पैसे नसलेल्या बापाला सत्याचे धडे देणे सोपे असते. पण त्याने मंडळीचे काय झाले ते पाहा. अशा घरांतली माणसे मंडळीच्या नोंदवहीत नाव घालत नाहीत. मुलाचा बाप्तिस्मा नोकरी लागेपर्यंत पुढे ढकलतात. नाताळला येतात, पण फोटोत मागे सरकतात. पंच म्हणून उभे राहत नाहीत. जो समाज सतरंजीच्या मधोमध बसायला शिकला होता, त्याला या एका परिच्छेदाने पुन्हा कडेला सरकवले. म्हणून तिसऱ्या परिच्छेदाविरुद्धची लढाई ही केवळ सवलतींची लढाई नाही. आपली मंडळी आपली म्हणून उघडपणे सांगता यावी, याचीही ती लढाई आहे. आणि ही लढाई आंबेडकरी मित्रांशिवाय होणार नाही.

आता ती लाजिरवाणी गोष्ट.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आमच्या मंडळीतल्या एका मुलाचे आणि मुलीचे लग्न ठरवायचा विषय सभेत आला. मुलगी पूर्वाश्रमीच्या महार घरातली. मुलगा पूर्वाश्रमीच्या मातंग घरातला. दोन पिढ्यांपासून त्याचे घर मंडळीत होते आणि दर रविवारी उपासनेत ढोलकी तोच वाजवायचा. दोघेही सज्ञान, दोघेही मंडळीचे सभासद. तरी मुलीच्या घरच्यांनी हरकत घेतली. जातीचे नाव कुणी काढले नाही. ख्रिस्ती लोक जातीचे नाव कधीच काढत नाहीत. "घरच्यांची संमती नाही", "मंडळीत फूट पडेल", "थोडे थांबू, प्रार्थना करू" असे सगळे बोलले गेले. मग हात वर करायला सांगितले. लग्न मंडळीत लावावे असे कुणाचे मत आहे?

एकच हात वर गेला. तो आमच्या दादांचा.

आम्ही तिथेच बसलो होतो. बाबासाहेबांवर भाषणे करणारे आम्ही, गावोगाव जातिअंताच्या परिषदांना जाणारे आम्ही. मुलीकडचे लोक आमचे नातेवाईक होते. आम्ही हात वर केला नाही. ज्या हाताच्या हक्काबद्दल वर एवढे लिहिले, तोच हात आम्ही मांडीखाली दाबून बसलो.

त्या दोघांनी नोंदणी पद्धतीने लग्न केले. साक्षीदार म्हणून सही दादांनी केली. ते जोडपे तालुक्याच्या गावी दुसऱ्या मंडळीत गेले. पुढच्या रविवारी दादा आमच्याच मंडळीत त्यांच्या नेहमीच्या जागी येऊन बसले. आम्ही त्यांना विचारले, "एवढे झाल्यावर तुम्ही येता कसे?" ते म्हणाले, "का येऊ नये? मी घरी बसलो तर यांना बरंच वाटेल. इथं बसलो तर दर रविवारी मला बघावं लागेल यांना." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुलासुद्धा."

एप्रिल २०२१ मध्ये दादा करोनाने ख्रिस्तवासी झाले. पुतण्या पुण्यात स्वतः आजारी, खोलीत एकटा. अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण वीस माणसेही जमेनात. भीतीच तशी होती. आम्ही दफनभूमीच्या फाटकाशी उभे होतो आणि खड्डा खोदायला माणूस मिळत नव्हता. तेवढ्यात एक जुना टेम्पो आला. त्यातून तोंडाला मास्क लावलेली पाच-सहा पोरे उतरली आणि त्यांच्या मागून तो ढोलकी वाजवणारा मुलगा. आता चाळिशी ओलांडलेला. आपल्या मंडळीतली पोरे घेऊन आला होता. त्याने आम्हाला "सलाम" केला आणि फावडे हातात घेतले. त्यांनीच खड्डा खोदला, त्यांनीच दोर धरून पेटी खाली सोडली. पाळकसाहेबांनी लांबून प्रार्थना केली. एका मुलाने मोबाईल धरला होता, त्यावरून पुतण्याने आपल्या वडिलांची माती पाहिली.

बाळा, तू त्या दिवशी मोबाईलवर तोंड बांधलेली माणसे पाहिलीस. ती कोण होती हे तू नंतर विचारलेस तेव्हा आम्ही म्हणालो, "मंडळीतली पोरं होती." नाव सांगितले नाही. कारण नाव सांगायचे तर त्या सभेची गोष्ट सांगावी लागली असती, आणि तुझ्या बापाचा हात वर असताना आमचा खाली होता हेही सांगावे लागले असते. आज सांगितले.

त्या महिन्यांत सगळी उपासना मोबाईलवर आली. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण तू तिथेच राहिलास. आम्ही तुला दोष देत नाही, तुझ्या वडिलांची शेवटची भेटच तुला त्या पडद्यावर झाली. पण नीट पाहा. पडद्यावर तुला संदेश देणारा उपदेशक कितीही चांगला बोलला तरी तो तुला ओळखत नाही. तू चुकलास तर मागून शब्द देणार नाही. तू सभेत हात खाली ठेवलास तर त्याला दिसणार नाही. आणि तुझ्या घरी माणूस गेले तर तो फावडे घेऊन येणार नाही. तिथे तुला कुणी दुखावणार नाही हे खरे आहे. पण ज्याला कुणी दुखावत नाही त्याला क्षमा करायलाही शिकता येत नाही आणि मागायलाही. प्रभूने माणसे एकेकटी बोलावली, पण बारा जणांना एकत्र ठेवले. त्यांत जकातदार होता आणि रोमी सत्तेचा द्वेष करणारा शिमोनही होता. ते एकमेकांना आवडत होते म्हणून एकत्र नव्हते.

आणि आंबेडकरी मित्रहो, तुम्हालाही हेच उत्तर. आम्ही चर्चला जातो ते तिथे जात नाही म्हणून नव्हे. तिथे जात आहे, म्हणूनही जातो. जिथे पणजोबांना सतरंजी मिळाली तिथेच एका मातंग मुलाला आम्ही ती नाकारली. हा हिशोब दुसरीकडे जाऊन फिटत नाही.

तेव्हा आम्ही आमच्या मंडळीच्या येत्या वार्षिक सभेत तीन गोष्टी मांडणार आहोत. एक, दोन सज्ञान सभासदांचे लग्न पूर्वाश्रमीच्या जातीवरून, कोणतेही सबब सांगून, अडवले जाणार नाही असा लेखी ठराव. दोन, पंचांमध्ये पूर्वाश्रमीच्या मातंग कुटुंबांना आणि स्त्रियांना जागा. तीन, तरुण संघाने महिन्यातून एकदा बाबासाहेबांचे ख्रिस्ती धर्मांतरितांवरील लेखन वाचून त्यावर उघड चर्चा करावी. ठराव पडतीलही. पण या वेळी हात वर करणारा निदान एक माणूस तिथे असेल.

दुसरा असावा असे वाटत असेल तर, बाळा, तू सभेला ये. तुझे नाव नोंदवहीत अजून आहे, आम्ही पाहून आलो. सभा रविवारी उपासनेनंतर असते. तुझ्या वडिलांची जागा खिडकीजवळची, तिसरी रांग. तिथे अजून कुणी बसत नाही.

सलाम. जय भीम.